शेजारच्या आजोबांचं मत

सोमवार, 13 जानेवारी 2025, मेलबर्न

झोरान मिलानोविच पुन्हा क्रोएशियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. चारांतली जवळजवळ तीन मतं त्यांना. क्रोएशियात संध्याकाळी सातला मतदान संपतं तेव्हा इथे पहाटेचे पाच वाजलेले असतात, त्यामुळे शेजारचे आजोबा उजाडायच्या आत निकाल पाहून मोकळे झाले होते. उद्याच्या संक्रांतीचे तिळाचे लाडू द्यायला मी दुपारी गेले, तर द्राक्षाच्या मांडवाखाली टॅब्लेट पालथा घालून बसलेले. आजी हळूच म्हणाल्या, "आज राजकारणाचं नाव काढू नकोस." पण विषय आजोबांनीच काढला आणि ऊन कलेपर्यंत सोडला नाही. झोपण्याआधी लिहून ठेवते आहे.

आजोबा इमोत्स्कीजवळच्या खेड्यातले. क्रोएशियातल्या दालमेशियाच्या किनाऱ्यामागचा हा खडकाळ मुलूख. तिथली तरणी माणसं जर्मनीला जायची, नाहीतर ऑस्ट्रेलियाला. ते आले 1971 च्या अखेरीस, क्रोएशिया युगोस्लाव्हियाचा भाग असताना तिच्यासाठी जास्त अधिकार मागणारी, राजधानी झाग्रेबमधली 'क्रोएशियन वसंत' चळवळ युगोस्लाव्हियाचे सर्वेसर्वा टिटोंनी मोडून काढली त्या सुमारास. आमच्या शाळेच्या इतिहासात टिटो म्हणजे नेहरू-नासर यांच्या बरोबरीचे, अलिप्ततावादाचे शिल्पकार. आजोबांच्या गावात मात्र नको ते गाणं म्हटलं म्हणून माणूस तुरुंगात जात असे. दोन्ही खरं आहे. भारतात वाढलेल्या माझ्यासारखीला त्यातली एकच बाजू शिकवली गेली होती एवढंच.

बोलता बोलता ते आत जाऊन एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात 1991 च्या देणगीच्या पावत्या. इथल्या क्रोएशियन क्लबचा निळा शिक्का, खाली खजिनदाराची सही, रक्कम कधी पन्नास डॉलर, कधी पाचशे. एका पावतीमागे पेन्सिलीने बेरीज केलेली, घराच्या हप्त्यातून किती उरतात याची. त्या वर्षी मे महिन्यात युगोस्लाव्हियातून बाहेर पडण्याचं सार्वमत झालं, 25 जूनला स्वातंत्र्य जाहीर झालं आणि युद्धात 18 नोव्हेंबरला वुकोवार शहर पडलं. आजोबा कारखान्यात रात्रपाळी करायचे आणि सकाळी क्लबात जाऊन औषधांची खोकी बांधायचे. हे सगळं त्यांनी कोणत्या पक्षासाठी केलं नव्हतं, पण पक्षाने ते आपल्या खात्यावर मांडलं. पुढे क्रोएशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले तुजमान यांनी 1987 पासून कॅनडा-अमेरिकेतल्या स्थलांतरितांचे उंबरे झिजवले होते, आणि त्यांच्या एचडीझेड पक्षाला बाहेरच्या पैशाचा मोठा आधार होता. ओटावात पिझ्झाचा धंदा केलेले गोयको शुशाक परत जाऊन पुढे संरक्षणमंत्री झाले. मेलबर्नच्या माणसांना तेव्हा वाटलं, आता आपलं राज्य आलं.

मग 1995 ची निवडणूक. परदेशस्थ नागरिकांसाठी 127 पैकी 12 जागा राखून ठेवल्या आणि बाराच्या बारा एचडीझेडने घेतल्या. यातली बहुतेक मतं मेलबर्न-टोरांटोची नव्हतीच, ती होती शेजारच्या बोस्निया-हर्झेगोविनातल्या क्रोएट लोकांची. म्हणजे नाव 'डायस्पोरा'चं, परदेशी पांगलेल्यांचं, पण मतदार सीमेपलीकडचा. झाग्रेबमधल्या विरोधकांना हे झोंबलं ते साहजिक होतं: जो इथे कर भरत नाही, इथल्या इस्पितळात रांग लावत नाही, त्याने आमचं सरकार का ठरवावं? पुढे बारा जागांची हमी गेली, जागा मतदानाच्या प्रमाणात मिळू लागल्या, आणि 2010 च्या घटनादुरुस्तीने तीन जागा कायमच्या ठरल्या. आजोबांना हा अपमान वाटतो. "पैसे घेताना आम्ही क्रोएट, मत घेताना परके."

मला तीन जागा रास्त वाटतात, आणि मी तसं त्यांना सांगितलं. कायदा ज्याच्या अंगावर पडतो त्याचा शब्द शेवटचा असावा. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

त्यांचं खरं दुखणं जागांचं नाहीच, हे आज मला कळलं. ते आहे उदबाचं. ही युगोस्लाव्हियाची गुप्त पोलीस यंत्रणा, स्थलांतरितांच्या मागावर परदेशात माणसं धाडणारी. 1983 मध्ये म्युनिकजवळच्या वोल्फ्राट्सहाउझेनमध्ये स्त्येपान ज्युरेकोविच या परागंदा क्रोएटाचा गॅरेजमध्ये खून झाला. त्या काळात मेलबर्नच्या क्लबातही कोण कोणाच्या नावाने कागद पाठवतो याची भीती असायची, आजी सांगत होत्या. नवीन माणूस पत्ते खेळायला बसला की आवाज खाली यायचे.

कम्युनिझम गेला. जुन्या हस्तकांची छाननी करून त्यांना पदांपासून लांब ठेवायचं काम चेकोस्लोव्हाकियाने केलं, क्रोएशियाने केलं नाही. उलट याच यंत्रणेतले योसिप पेर्कोविच स्वतंत्र क्रोएशियाच्या संरक्षण मंत्रालयात वरच्या पदावर बसले. त्याच मंत्रालयात, जिथे ओटावाहून आलेले शुशाक मंत्री होते! आणि 2013 मध्ये, 1 जुलैला युरोपीय संघात प्रवेश करायच्या तीन दिवस आधी, साबोरने म्हणजे तिथल्या संसदेने कायदा बदलला: ऑगस्ट 2002 च्या आधीच्या गुन्ह्यांसाठी युरोपीय अटक वॉरंट चालणार नाही. ज्युरेकोविच यांच्या खुनासाठी जर्मनीला पेर्कोविच हवे होते, म्हणून लोकांनी त्याला नावच दिलं, 'लेक्स पेर्कोविच', म्हणजे पेर्कोविच कायदा. तेव्हाचे पंतप्रधान कोण? मिलानोविच. शेवटी ब्रुसेल्सने डोळे वटारल्यावर कायदा मागे आला, 2014 साली पेर्कोविच जर्मनीच्या ताब्यात गेले, आणि 2016 च्या ऑगस्टमध्ये म्युनिकच्या कोर्टाने त्या खुनासाठी त्यांना आणि त्यांचे वरिष्ठ मुस्ताच यांना जन्मठेप ठोठावली.

आजोबा म्हणाले, "न्याय जर्मनांनी दिला. आमच्या राज्याने नाही." पावत्या डब्यात परत ठेवताना त्यांचे हात थरथरत होते. त्यांच्या रागाला नुसतं 'जुन्या माणसाचा कडवेपणा' म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं. परदेशात बसलेले लोक उजवे, भूतकाळात अडकलेले, असं सरसकट म्हटलं जातं. काही आहेतही, दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशा राजवटीचं कौतुक करणारे इथेही आहेत, आणि त्यांच्याशी माझं कधीच जमणार नाही. पण ज्या हाताने पहारा ठेवला तोच हात नव्या राज्यात पुन्हा पदावर दिसू नये, ही मागणी लोकशाहीचीच आहे.

त्यांच्या पुतण्याची मुलगी सध्या सुट्टीला आली आहे. मूळची स्प्लिटची, काम डब्लिनमध्ये. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मी उदबामुळे देश नाही सोडला, आजोबा. पक्षाची ओळख असल्याशिवाय नोकरी मिळेना म्हणून सोडला." तिने सानादेर यांचं नाव काढलं. 2003 ते 2009 एचडीझेडचे पंतप्रधान, नंतर भ्रष्टाचारात दोषी. आणि त्यांच्याबरोबर खुद्द पक्षालाही कोर्टाने दोषी धरलं. 2011 च्या जनगणनेत क्रोएशियाची लोकसंख्या बेचाळीस लाखांच्या वर होती, 2021 मध्ये ती एकोणचाळीस लाखांच्या खाली आली. तिच्या वर्गातली निम्मी मुलं आयर्लंड-जर्मनीत आहेत, ती म्हणते. तिच्या पिढीने देश सोडला तेव्हा पाठीमागे पोलीस नव्हते, पण परत यावं असंही काही नव्हतं. मिलानोविचना मत देणाऱ्यांतले अनेक जण त्यांच्या प्रेमात नाहीत, ते फक्त सगळी सत्ता एचडीझेड या एकाच पक्षाच्या हाती जाऊ नये म्हणून मतदानाला गेले, असं तिचं म्हणणं. आणि निम्म्याहून जास्त मतदार तर काल घराबाहेरच पडले नाहीत.

आजोबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "तू मत दिलंस?" तिने नाही म्हटलं. मतदान फक्त दूतावासात किंवा वकिलातीत जाऊन करावं लागतं, आधी नोंदणी करून. पोस्टाने मत देता येत नाही. आजोबांचा मित्र मिल्ड्युराला द्राक्षं पिकवतो, त्याला त्यासाठी पाचशेहून जास्त किलोमीटर मेलबर्नला यावं लागतं. मी म्हटलं, आमचं याहून वाईट आहे: परदेशातल्या भारतीयाचं नाव यादीत लागतं, पण मत द्यायला आपल्या मतदारसंघातच हजर व्हावं लागतं. नोव्हेंबरमधल्या विधानसभेला मला सांगलीचं तिकीट काढणं शक्य नव्हतं.

पोस्टाच्या मतावर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. आजोबांना जागा बारा हव्यात, तिला एकही नको. पण मतपत्रिका घरी यावी, हे दोघांनाही हवं. साबोरला पाठवायचा अर्ज तिने फोनवर तिथेच लिहायला घेतला. आजोबा शेजारी बसून मजकूर सांगत होते, आणि ती त्यातली विशेषणं गाळत होती.