लेकराला स्वस्तातली गिटार घ्यावी का?

सोयाबीनचे पैसे हातात आले की दरवर्षी परभणीत हा प्रश्न माझ्या दारात येतो. यंदा जिंतूरकडचे एक गृहस्थ बारावीतल्या मुलाला घेऊन आले. "सर, लेकरू इलेक्ट्रिक गिटार मागतंय. दहा-बारा हजाराची घेतली तर पैसे पाण्यात जातील का? का थांबून चाळीस हजाराचीच घ्यावी?" मी म्हणालो, घ्या. का घ्या, ते उभ्या उभ्या सांगून होत नाही. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट बसून लिहितो.

आपल्याकडे वाद्याची पारख सतारीवरून करायची सवय आहे. मिरजेची सतार भोपळा निवडण्यापासून जवारी लावेपर्यंत कारागिराच्या हाताखालून जाते. तिथं पैसा कमी म्हणजे हात कमी, आणि ते पहिल्या झंकारात कळतं. इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. तिचा जन्मच कारखान्यात झाला. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. त्यानं १९५० साली जी गिटार बाजारात आणली, जिला पुढं टेलिकास्टर नाव पडलं, ती म्हणजे एक भरीव फळी आणि तिला चार स्क्रूंनी बसवलेला नेक, म्हणजे दांडा. पटापट बनावी आणि नेक खराब झाला तर स्क्रू काढून दुसरा लावता यावा, असा त्याचा हिशेब. आवाज पोकळ पोटातून यायचाच नाही. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरते, त्या चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत वीज उमटते आणि तीच अँपमध्ये, म्हणजे अँप्लिफायरमध्ये, मोठी होते.

त्यामुळे यंत्रं सुधारत गेली तशी स्वस्त गिटारही सुधारत गेली. जपानी कारखान्यांच्या नकला इतक्या चांगल्या निघू लागल्या की फेंडर कंपनीनं १९८२ साली जपानमध्येच स्क्वायर या नावानं स्वतःच्या कमी किमतीच्या गिटारी काढल्या. आज हे काम इंडोनेशिया आणि चीनमध्ये चालतं. लाकूड संगणकावर चालणारी यंत्रं कापतात आणि फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, खाचा बरोबर मापात पडतात. महागड्या गिटारचं मापही तेच असतं.

लाकडावरून नाक मुरडणाऱ्यांना एक सांगतो. शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ साली निर्बंध आले, तेव्हा कंपन्या फिंगरबोर्डसाठी, म्हणजे नेकवर बोटं टेकवायच्या पट्टीसाठी, दुसरी लाकडं वापरू लागल्या. माहितीपत्रकावर 'इंडियन लॉरेल' असं लिहिलेलं दिसेल. ते आपलं ऐन! पिढ्यान् पिढ्या आपण घराला वापरलेलं लाकूड परदेशात गिटार होऊन परत येतं, याचा मला फार आनंद वाटतो.

मग पैसे वाचतात कुठं? शेवटच्या तासाभराच्या हातकामात. नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा नीट कापणं, फ्रेटच्या कडा घासणं, तारांची उंची लावणं, हे माणसानं एकेका गिटारवर बसून करायचं काम असतं. स्वस्त गिटारमध्ये नेमकं तेच राहून जातं.

माझी पहिली गिटार सहा हजारांची. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमांत ऑर्केस्ट्रात भीमगीतांना वाजवायचो. प्रत्येक गाण्यानंतर तिसरी तार उतरायची. गायक थांबायचे, माझ्याकडे बघायचे. वर्षभर मी समजत होतो की माझा कानच कच्चा आहे, आणि वाद्य सोडायच्या बेतात होतो. एका रात्री आमच्या ऑर्केस्ट्रातल्या बँजोवाल्या काकांनी गिटार मांडीवर घेतली, तार सैल केली, खिशातल्या पेन्सिलचं टोक नटच्या खाचेत चार वेळा घासलं आणि तार परत चढवली. तार त्या खाचेत अडकत होती, पेन्सिलीतल्या ग्राफाइटच्या भुकटीनं सरकायला लागली. त्या रात्री ती पुन्हा उतरली नाही. गिटार तीच, हात तेच. म्हणून कोणी पोरगं "मला जमत नाही" म्हणालं की मी आधी त्याची गिटार बघतो.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. दिवाळीत घेतलेली गिटार एप्रिलमध्ये हाताला टोचायला लागते. पारा बेचाळीसवर जातो, हवा कोरडी पडते, फिंगरबोर्डचं लाकूड आक्रसतं. धातूच्या फ्रेट आहेत तेवढ्याच राहतात, त्यामुळे त्यांची टोकं नेकच्या कडेला बाहेर येतात. अंगठ्याचं पेर कडेवरून फिरवलं की करवतीसारखं लागतं. बारीक कानस तिरकी धरून एकेक टोक घासून बोथट करायचं, वर पॉलिश पेपर फिरवायचा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम, पण घाईनं केलं तर लाकडावर ओरखडे उठतात.

म्हणून बारा हजार असतील तर दहाची गिटार घ्या आणि दोन हजार नव्या तारा व सेटिंगसाठी बाजूला ठेवा. बाराव्या फ्रेटवर तार दीड-दोन मिलिमीटर उंच असली की लेकराची बोटं सोलत नाहीत. घेताना नेक डोळ्याच्या रेषेत धरून बघा. बाक असेल तर आतला ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली धातूची सळी, फिरवून निघतो. पीळ असेल तर ती गिटार तिथंच ठेवा, पीळ आपल्याकडं निघत नाही. मंडपात वाजवायची असेल तर ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात तिथं, हमबकर पिकअप असलेली बघा; पिकअप म्हणजे तेच चुंबक आणि तारेची गुंडाळी. हमबकरमध्ये दोन गुंडाळ्या उलट्या जोडलेल्या असतात आणि जनरेटर-लायटिंगची घरघर एकमेकींत जिरते. साध्या एका गुंडाळीच्या पिकअपवर ती घरघर गाण्यापेक्षा मोठी होते.

चाळीस हजारांच्या गिटारीत फरक नसतो असं मी म्हणत नाही. चाव्या घट्ट असतात, आवाजाची बटणं खरखरत नाहीत, आणि ते हातकाम बरंचसं झालेलं असतं. पण त्यासाठी मुलाला तीन वर्षं थांबवू नका. सोळा-सतराव्या वर्षीची ओढ विसाव्या वर्षी तेवढीच राहील असं नाही.

जिंतूरच्या त्या मुलानं दहा हजारांची घेतली. नटच्या दोन खाचा खोल केल्या, तारा बदलल्या. एफ कॉर्ड, म्हणजे एका बोटानं सगळ्या तारा दाबून धरायचा सूरमेळ, त्याच संध्याकाळी सहाही तारांवर स्वच्छ वाजला आणि वडील पायरीवर बसून ऐकत राहिले. मार्चअखेर गिटार एकदा घेऊन ये, असं त्याला सांगून ठेवलंय. तोवर फ्रेटची टोकं बाहेर आलेली असतील.