सरांची कटकट

सर माझ्या दुकानात यायचे ते सामान घ्यायला. ब्रेकची केबल, पंक्चरचं सोल्युशन, मागच्या हबसाठी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यासाठी, पाव इंची छर्रे. छर्रे घेतानाही अठराच घ्यायचे, एका बाजूचे नऊ आणि दुसऱ्या बाजूचे नऊ. मी वरून दोन जास्त टाकले तर परत करायचे. सायकल दुरुस्तीला म्हणून त्यांनी फारशी कधी आणली नाही. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला माणूस, घरच्या गॅलरीत स्टँड लावून सगळं स्वतः करायचा. स्टीलची पट्टी लावून चेन मोजायची, चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच. सोळावा भाग इंच वाढली की चेन बदलायची. दुकानात मी ते डोळ्यांनी सांगतो, असं मला तोवर वाटायचं.

त्या गुरुवारी दुपारी ते सायकल हातात धरून आले. कार्बनची फ्रेम, पुढचं चाक धरणारा फोर्कही कार्बनचा, दोन वर्षांची.

"अरे, हिची कटकट काही जात नाहीये."

शनिवारी पहाटे त्यांची तीनशे किलोमीटरची बीआरएम होती, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. वीस तासांत पुरी करायची असते. वाटेत कात्रज, खंबाटकी, पसरणी आणि परत, म्हणजे जेवढा चढ तेवढाच उतार. चढाला उभं राहून पायडल मारलं की प्रत्येक पायाला एक 'कट्‌'. त्यांनी काय काय केलं होतं ते वहीत होतं. दोनशे पानी वही, प्रत्येक कामाला तारीख आणि किलोमीटर. पायडल काढून ग्रीस लावून बसवले. पुढच्या चक्राचे बोल्ट काढून पुसून आवळले. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलच्या दांड्यांमधला आस, उघडून साफ केला. सीटपोस्ट काढून पुन्हा बसवली. मागचे गिअर बदलणाऱ्या डेरेलरची पट्टीसुद्धा सोडली नाही. आवाज होता तिथेच.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. व्हिडिओ बघून घरी पाने फिरवणाऱ्या हौशी मंडळींवर आम्हा दुकानदारांचा एक बारीकसा राग असतो. लॉकडाऊननंतर तर फारच. त्यातल्या एकाने डावं पायडल काढायला पान्याला दीड हात पाइप लावला होता आणि उलटं फिरवत होता. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर पाय मारता मारता ते आपोआप सुटत जाईल, ही गोष्ट त्याला क्रँकचे, म्हणजे पायडलच्या दांड्याचे, आटे पार गेल्यावर कळली. तो क्रँक मी अजून खिळ्याला टांगून ठेवलाय. पण सर त्यातले नव्हते. त्यांच्या हातून काही सुटलंय आणि ते मला सापडणार, याचा आनंद म्हणूनच जरा जास्त होता.

मी सायकल घेऊन पुलाच्या चढावर गेलो. उभा राहिलो, पायडल मारलं. कट्‌. दुसरा पाय, कट्‌. बसून मारलं तर काही नाही. मग सीट नाही, सीटपोस्ट नाही. चढ संपल्यावर पाय थांबवले, पुढचा ब्रेक दाबून उभा राहिलो आणि हँडल नुसतं डाव्या-उजव्या हाताने आळीपाळीने ओढलं.

कट्‌. कट्‌.

पाय जागचे हलले नव्हते. चढाला उभं राहिलं की आपण प्रत्येक पायाबरोबर त्याच बाजूचं हँडल ओढतो, त्यामुळे हँडलचा आवाज पायडलच्या तालावर येतो आणि माणूस खाली शोधत बसतो. सर आठ दिवस खाली शोधत होते. आवाज वरून येत होता. मी अगदी शीळ घालत दुकानात आलो.

"सर, हेडसेट. हँडलखालच्या बेअरिंगच्या वाटीत कचरा गेला असणार. पंधरा मिनिटांचं काम."

"असेल," सर म्हणाले. "तिथे मी हात लावलेला नाही. ते तू केलेलं आहेस."

ते वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

सायकल स्टँडला लावली. वरचं टोपण काढलं, हँडल फोर्कच्या नळीला धरणाऱ्या स्टेमचे दोन बोल्ट सैल केले, स्टेम वर ओढला. फोर्कची नळी उघडी झाली. बेअरिंग बघायला खाली वाकलो तर ती चांगली होती, ग्रीस जागच्या जागी. सरळ होताना नळीवर उजेड पडला आणि स्टेम बसतो त्या जागी एक आडवी रेघ दिसली. केसाएवढी. पुसली तर जाईल असं वाटलं, म्हणून सुती फडकं फिरवलं. फडक्याचा धागा अडकला.

मग स्पिरिटचा बोळा फिरवला. सगळी नळी क्षणात सुकली, ती रेघ तेवढी ओली राहिली. रुपयाचं नाणं घेतलं आणि वरून खाली हलकेच वाजवत आलो. टिक, टिक, टिक, मग रेघेपाशी थप्प, मग परत टिक.

पोऱ्या बाजूला चेन धूत होता, तोही थांबला.

लोखंडाला मार बसला तर ते वाकतं, अ‍ॅल्युमिनियम पोचतं, डोळ्यांना काहीतरी सांगतं. कार्बनचं तसं नाही. ती नळी महिनाभर तशीच चालली असती किंवा पसरणीच्या उतारावर पहिल्या खड्ड्यात हँडल हातात राहिलं असतं आणि चाक वेगळं.

"किती पिळलं होतंस?" सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. टूलरूममध्ये शिकाऊ पोराला विचारावं तसं विचारलं. त्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. जानेवारीतली नोंद होती: 'हँडल वीस मिमी खाली. रिंगा स्टेमच्या वर. काम: दुकान.'

आठवलं. वारा कमी लागावा म्हणून त्यांना हँडल खाली हवं होतं. ते म्हणाले होते, नळी कापून टाकू. मीच म्हटलं, कापू नका, कंबरेला झेपतं का बघा, तोवर स्टेमखालच्या रिंगा वर टाकतो, म्हणजे स्टेम खाली येईल. सल्ला चुकीचा नव्हता, सगळेच देतात. पण कार्बनच्या नळीच्या आत एक फुगणारा खुंट असतो. वरचं टोपण त्याला धरतं, आणि स्टेम बाहेरून आवळला जातो तेव्हा तोच नळीला आतून आधार देतो. सरांच्या सायकलीतला खुंट आखूड होता, जेमतेम इंचभर. स्टेम वीस मिमी खाली गेला आणि खुंट राहिला वरच, रिंगांच्या जागी. स्टेमच्या आत नळी जवळजवळ पोकळ. तिच्यावर मी दोन बोल्ट आवळले, माझ्या हाताने, मला पटेपर्यंत.

किती जोराने पिळायचं ते स्टेमवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं: कमाल 5 न्यूटन मीटर. ते मी दहा वर्षं रोज वाचतोय.

वडिलांनी मला हब आवळायला शिकवलं ते असं: कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट, एवढाच आवळायचा की चाक मोकळं सोडल्यावर ते डुलत डुलत थांबेल आणि व्हॉल्व्ह खाली येईल. चाक व्हॉल्व्हच्या वजनाने स्वतःहून फिरत असेल तर कोन घट्ट नाही, आणि रिम हलवून खडखड येत नसेल तर सैलही नाही. मीटर नको, गेज नको. शनिवार पेठेतल्या त्या दुकानात तासावर भाड्याने जाणाऱ्या काळ्या सायकली होत्या, आणि त्यांच्यावर तो हात तयार झाला. तो हात मला मिळाला आणि मी त्याच्या जिवावर कार्बनला हात घालत होतो.

सरांनी पाठीवरच्या पिशवीतून टॉर्क रेंच काढला, लावलेल्या आकड्याएवढा जोर झाला की 'टक' करणारा पाना. "जुन्या फोर्कचं एखादं नळकांडं आहे?" होतं, अ‍ॅल्युमिनियमचं, भंगारातलं. शिकंज्यात ते धरलं, त्याच्यावर तसलाच स्टेम चढवला. "आता नेहमीसारखा आवळ."

मी एल-कीने आवळला. नेहमीसारखा, म्हणजे शेवटी मनगटाला तो एक छोटा झटका देऊन. सरांनी रेंच सहावर लावला आणि फिरवला. टक. बोल्ट हललाही नाही. सातवर, टक. आठवर, टक. नऊवर, टक. दहावर लावला तेव्हा कुठे बोल्ट किंचित सरकला.

"आवळलेला बोल्ट पुढे हलायला थोडं जास्त लागतं," सर म्हणाले, "तेव्हा नऊ धर."

मग म्हणाले, आता माझा बघू. त्यांनी एल-कीने आवळला. सहावर टक, सातवर सरकला. त्यांना ते आवडलं नाही. वहीत दोन्ही आकडे लिहिले, त्यांचा आणि माझा, खाली रेघ मारली.

फोर्कची नळी मी त्यांच्यासमोर हॅक्सॉने मधोमध कापली, कोणी उचलून परत वापरू नये म्हणून. नव्या फोर्कचे पैसे मी द्यायचे असं मी म्हटलं, अर्धे असं ते म्हणाले, त्यावर बराच वेळ गेला. शेवटी ते चेहऱ्यावरून काही कळू न देता चहा पीत बसले, आणि माझ्या मनात भलतंच सुरू झालं. जानेवारीपासून मी किती स्टेम आवळले?

दुकानात रजिस्टर नाही. बिलं असतात ती तारेला टोचलेली. त्या संध्याकाळी तार उतरवली आणि पोऱ्याला घेऊन बसलो. 'सर्व्हिस' एवढंच लिहिलेलं बिल काही सांगत नाही, आणि माझी बहुतेक बिलं तसलीच. तरी आठवून आठवून अकरा कार्बनच्या सायकली निघाल्या. रात्री नऊपर्यंत फोन केले. एकाने विचारलं, सर्व्हिस फुकट आहे का? एकीने विचारलं, घाबरायचं कारण आहे का? मी म्हटलं, चालवू नका, घेऊन या. एकाचा फोन लागला नाही, त्याच्या घरी सकाळी पोऱ्याला पाठवलं.

शनिवारी साडेसातला दुकान उघडलं तर पायरीवर सर. बीआरएमच्या जर्सीत.

"सुरुवातीला जाऊन आलो," ते म्हणाले. "सगळ्यांना सोडलं आणि इकडे आलो. दोघांची सायकल सुटायच्या आधी बघितली. दोघांचाही खुंट वरच होता. तुझी नव्हती कामं ती."

त्यांनी स्टूल ओढलं, रेंच पाचवर लावला. दहा वाजेपर्यंत चार सायकली आल्या. मी स्टेम उतरवायचो, नाणं वाजवायचो, खुंट खाली सरकवायचो. सर बोल्ट आवळायचे, एकदा वरचा, एकदा खालचा, थोडा थोडा, टक येईपर्यंत. चौथ्या सायकलीला त्यांनी रेंच माझ्याकडे दिला.

मी आवळला. टक झालं. आणि मनगटाने सवयीने तो झटका दिलाच.

"परत," सर म्हणाले. "सोड आणि परत कर."