येऊर: शीळकरी कस्तूर आणि वारुळावरची अळंबी

जुलैतल्या पहिल्या रविवारी पहाटेच ठाणे स्टेशनवरून येऊरची टीएमटी, म्हणजे ठाणे पालिकेची बस पकडली. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. पाटोणापाड्याला उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि ओढ्याकडून शीळ येत होती. एखादा पोरगा रमतगमत चाललाय, चाल मध्येच विसरून दुसरीच धरतोय, अगदी तशी. शीळकरी कस्तूर!

आवाज सहज सापडतो, पक्षी नाही. अर्धा तास हललो नाही तेव्हा ओल्या दगडावर दिसला. आधी काळाच वाटला. उजेड पडला तसा कपाळावरचा आणि खांद्यावरचा निळा चमकला. चोचीत खेकडा होता. दगडावर आपटून आपटून नांग्या मोडल्या, गिळला आणि पुन्हा शीळ.

पुढे वाटेलगतच्या वारुळाभोवती अळंबीच्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या, प्रत्येकीच्या मधोमध करडं टोक. मी वाकलो तशी पाड्यावरची एक मावशी म्हणाली, "ओढू नको रे, मूळ पार खाली वाळवीच्या घरात असतं." खरंच आहे ते. वाळवी वाळका पाला आणि लाकूड आत नेऊन त्यावर ही बुरशी पोसते, तीच खाते. म्हणून धिंगरी अळंबीसारखी हिची शेती जमत नाही. बुरशी वर्षभर जमिनीखाली असतेच, पावसात फक्त छत्री वर येते.

दोन्ही पावसाळ्यातच भेटतात, पण घाई करायची ती अळंबीसाठी. कस्तुराचा हा विणीचा हंगाम, तो आठवडेच्या आठवडे गातो. पुढच्या रविवारी परत गेलो तर वारुळाभोवती काळपट लगदा तेवढा उरला होता, शीळ मात्र त्याच ओढ्यावर सुरू होती. त्यामुळे चांगला पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत निघा.

रेनकोटची टोपी कानांवर घेऊ नका, तिच्या सळसळीत काहीच ऐकू येत नाही, छत्री बरी. जोराचा पाऊस असेल तर ओढ्यात उतरू नका, पाणी बघता बघता चढतं. बिबट्याचं रान आहे, एकट्याने किंवा अंधारात फिरू नका. राष्ट्रीय उद्यानातून अळंबीच काय, काहीही तोडायला बंदी आहे. खायचीच असेल तर बाजारात पाड्यावरच्या ओळखीच्या बाईकडूनच घ्या. फोटोशी ताडून खाल्लेली विषारी निघू शकते. आणि परतीची बस लवकर धरा, आम्ही दुपारी निघालो तर स्टेशनपर्यंत उभ्याने यावं लागलं.