मोनोसाइट उजळलेच नाहीत

एमडी पॅथॉलॉजीच्या थिसिसला मी न्यूट्रोफिलवरचं, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचं, सीडी६४ घेतलं. आईला सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे रक्तच तपासायचं ना? मग तसं सांग की."

सीडी६४ हा आयजीजी अँटिबॉडी घट्ट धरणारा रिसेप्टर. निवांत न्यूट्रोफिलवर तो जवळपास नसतोच. जंतुसंसर्ग झाला, इंटरफेरॉन गॅमा नि जी-सीएसएफ हे पेशींना निरोप देणारे रेणू वाढले, की चार-सहा तासांत पेशीवर गर्दी करतो. शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला सीआरपी काय, साध्या ऑपरेशननंतरही चढतो. ब्लड कल्चरला दोन-तीन दिवस लागतात नि आयसीयूत तेवढी उसंत नसते.

काम तसं छोटं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं ५० मायक्रोलिटर रक्त, त्यात सीडी६४ला चिकटणारी, रंग लावलेली अँटिबॉडी, पंधरा-वीस मिनिटं अंधारात, मग लाल पेशी फोडायच्या आणि फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी किती चमकते ते मोजणाऱ्या यंत्रावर, लावायचं. खरी कसरत सोलापूरच्या मे महिन्यात ट्यूब वेळेत आणण्याची. वॉर्डातले मामा दुपारच्या उन्हात ट्यूब चक्क जेवणाच्या डब्यात घालून आणायचे.

एके दिवशी सेप्सिसचा, म्हणजे संसर्ग अंगभर भिनल्याचा, संशय असलेल्या आजोबांचं सॅम्पल लावलं. ताप १०३, सीआरपी भरपूर, आणि न्यूट्रोफिल मात्र मंद. मी खूश! थिसिसमध्ये चर्चेला वेगळी केस मिळाली म्हणून. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "अगं, आधी मोनोसाइट बघ."

मोनोसाइट नि लिम्फोसाइट याही पांढऱ्या पेशीच. मोनोसाइटवर सीडी६४ कायम असतं, लिम्फोसाइटवर नसतं. म्हणजे एकाच ट्यूबमध्ये दोन साक्षीदार फुकट बसलेले. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी आलेखात मोनोसाइटही लिम्फोसाइटांना जवळजवळ चिकटून पडले होते.

फ्रीज उघडला. उकाड्यामुळे कुणीतरी नॉब शेवटपर्यंत फिरवलेला, आणि आमची कुपी मागच्या भिंतीला टेकून गोठलेली. ही अँटिबॉडी २ ते ८ अंशांत ठेवायची. त्यावरचा फायकोएरिथ्रिन रंग गोठला की संपला. आधीच्या चार पेशंटच्या फाइल उघडल्या. पहिल्या दोघांचे मोनोसाइट झकास, पुढच्या दोघांचे विझत आलेले. ती दोन रीडिंग रद्द. पोटात कालवलं, पण काय करणार?

सकाळचं रक्त शिल्लक होतं. नवी कुपी फोडून पुन्हा लावलं, तर आजोबांच्या न्यूट्रोफिलचा डोंगर सरकत सरकत पार मोनोसाइटांच्या शेजारी जाऊन बसला. कल्चर तिसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह आलं.

फ्रीजच्या नॉबवर मी त्याच संध्याकाळी चिकटपट्टी मारली.