झांझिबार: इलिंबाची गुणगुण आणि बास गिटार

टांझानियातल्या दार-ए-सलामहून फेरीने दोनेक तासांत झांझिबारला पोहोचता येतं. बहुतेक प्रवासी तिथल्या किनाऱ्यांसाठी जातात. मी फेब्रुवारीत गेले ती मात्र ‘साउती झा बुसारा’ या संगीत महोत्सवासाठी. २००४ पासून तो स्टोन टाउनमध्ये, म्हणजे झांझिबारच्या जुन्या शहरात भरतो. पोर्तुगिजांना हुसकावून लावल्यावर ओमानी अरबांनी बांधलेला जुना किल्ला, त्याच्या तटाच्या आत, उघड्या आभाळाखाली मुख्य रंगमंच.

दुपारी साउंडचेक चालू असताना आत जायला मिळालं. मुख्य भूमीवरच्या दोदोमा भागातले गोगो समाजाचे वादक तयारी करत होते. एकाच्या मांडीवर इलिंबा होता: लाकडी पेटी आणि तिच्यावर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या. काही पट्ट्या बोटांनी छेडायच्या. काहींना हात लागतच नाही, शेजारची वाजली की त्या आपोआप झणझणतात. पेटीच्या भोकावर जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या अंड्यांवरच्या आवरणाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. त्यामुळे प्रत्येक स्वराला बारीक गुणगुण लागते. तंबोऱ्याची जवारी नीट जुळून आली की जसा आवाज खुलतो, अगदी तसं.

पेटीला छोटा मायक्रोफोन लावला होता. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या तरुणाला ही गुणगुण खरखर वाटली आणि त्याने ती कापली. आवाज स्वच्छ झाला, पण त्यातला जीवच गेला. वादक थांबला, पापुद्र्यावर बोट ठेवलं आणि नुसती मान हलवली. पुन्हा खटपट सुरू झाली. गुणगुण परत आली तेव्हा बास गिटारवाल्याने आपणहून चार स्वर गाळले, ड्रमवाल्याने झांजा जवळजवळ सोडूनच दिल्या. जुन्या वाद्याला जागा करून देत बाकीचे त्याच्याभोवती बसत गेले. रात्री हेच वाजलं तेव्हा सगळा किल्ला नाचत होता आणि त्या गदारोळातही इलिंबा स्पष्ट ऐकू येत होता.

विजेवर चालणारी वाद्यं आली की परंपरा बुडाली, हे मला पटत नाही. खरा प्रश्न कोण कोणाच्या मागे जातं, हा आहे. इलिंबा जगभर पोहोचवणारे हुक्वे झावोसे २००३ साली गेले. त्यांचे पुत्र म्साफिरी हेच वाद्य घेऊन इलेक्ट्रॉनिक आवाजांशी खेळतात.

झांझिबारचं स्वतःचं ताराब हे संगीत तरी कुठे ‘शुद्ध’ आहे? एकोणिसाव्या शतकात सुलतान बर्गाशने आपला माणूस कैरोला पाठवून कानून हे तंतुवाद्य शिकून घ्यायला लावलं. दरबारातली ही अरबी गाणी पुढे सिती बिंती साद हिने स्वाहिलीत गायली. गरिबीत वाढलेली, मडकी विकणारी ही बाई १९२८ साली चक्क मुंबईला आली आणि तिथे तिच्या तबकड्या निघाल्या! मुंबईकर म्हणून हे कळल्यावर मी फार हरखले. नव्वदच्या दशकात मात्र कीबोर्डने ताराबमधली व्हायोलिनं आणि कानून बाजूला सारले. ते ताराब लग्नात छान वाजतं, पण मला ते सपाट वाटतं.

म्हणूनच ‘सिती अँड द बँड’ हा गट फार आवडला. नाव ऐकलं की त्याच सितीची आठवण होते. कानून आणि ऊद हे दुसरं अरबी तंतुवाद्य मध्यभागी, बाजूला बास आणि ड्रम. कानूनवादक दोन्ही तर्जनींत नख्या अडकवून तारांवरून असा सरसर फिरतो की आजूबाजूच्या गप्पा थांबतात. तरुण वादकांना ही वाद्यं शिकायला मिळतात ती ‘धाऊ कंट्रीज म्युझिक अकादमी’मुळे, २००२ साली सुरू झालेली ही संस्था स्टोन टाउनमधलीच.

जाणार असाल तर संध्याकाळी लवकर आत शिरा. तेव्हा गर्दी कमी असते, रंगमंचाजवळ जाता येतं आणि वादकांचे हात नीट दिसतात.