इन्सब्रुक आणि एका सम्राटाची रिकामी समाधी

महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या बऱ्याच सहलींमध्ये इन्सब्रुकच्या वाट्याला जेमतेम एक दुपार येते. जवळच्या वाटेन्स गावातील स्फटिकांचे दालन पाहून झाले की बस शहरात येते, सोनेरी छपरासमोर सर्वांचे एकत्र छायाचित्र निघते, थोडी खरेदी होते आणि मंडळी पुढच्या मुक्कामाकडे निघतात. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताच्या या राजधानीत मी मुद्दाम सवडीने राहिले, आणि माझे मत असे झाले की सोनेरी छप्पर हे येथील सर्वांत प्रसिद्ध स्थळ असले तरी शहराचा परिचय करून घेण्यासाठी ते फारसे उपयोगाचे नाही. त्यासाठी आधी नकाशा पाहावा लागतो.

इन नदीच्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 574 मीटर उंचीवर हे शहर वसले आहे. उत्तरेला नॉर्डकेटे ही चुनखडकाची डोंगररांग आहे. तिची शिखरे 2,300 मीटरच्या वर जातात, आणि ती शहराला इतकी खेटून उभी आहे की जुन्या पेठेतील कोणत्याही रस्त्यावरून उत्तरेकडे पाहिले तर घरांच्या छपरांवर थेट खडकच दिसतो. दक्षिणेला पाचरकोफेल हा 2,246 मीटरचा डोंगर आहे आणि त्याच्या बाजूने वर जाणारी वाट ब्रेनर खिंडीकडे नेते. ही खिंड फक्त 1,370 मीटर उंच असल्यामुळे आल्प्स ओलांडण्याचा तो शतकानुशतके सोयीचा मार्ग राहिला. इटली आणि जर्मन मुलूख यांच्यामधला माल येथूनच जात असे, नदीवरचा पूल आणि जकात या शहराच्या हाती होती, शिवाय पूर्वेला श्वाट्सच्या चांदीच्या खाणी आणि हालचे मीठ होते. डोंगरांच्या कुशीतील एका लहान गावात राजवाडा का उभा राहिला, याचे उत्तर या व्यापारात आणि खाणींत आहे.

हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील आणि पुढे पवित्र रोमन सम्राट झालेला माक्सिमिलियान पहिला याच्याकडे टिरोलची सत्ता 1490 मध्ये आली आणि त्याने इन्सब्रुकवर विशेष लोभ केला. सोनेरी छप्पर त्याचेच. मुलामा दिलेल्या तांब्याच्या 2,657 कौलांचे हे छप्पर 1500 च्या सुमारास पूर्ण झाले, आणि त्याखालच्या सज्जातून सम्राट समोरच्या चौकातील समारंभ व खेळ पाहत असे. सज्जाच्या दगडी शिल्पपट्ट्यात तो स्वतः आहे, त्याच्या दोन्ही राण्या, म्हणजे बरगंडीची मारिया आणि मिलानची बियांका मारिया स्फोर्झा, आहेत, आणि अंग वेडेवाकडे पिळणारे नर्तकही आहेत. मूळ शिल्पे आता संग्रहालयात असून येथे त्यांच्या प्रतिकृती बसवल्या आहेत. छप्पर मात्र अपेक्षेपेक्षा लहान आहे. छायाचित्रांवरून राजवाड्याच्या छताची कल्पना करून येणाऱ्याला समोर एका सज्जावरचे छत दिसते. त्या नर्तकांसाठी मात्र पाच मिनिटे थांबावे.

माक्सिमिलियान खर्चिक होता आणि त्याच्यावर कर्जही मोठे होते. 1518 च्या अखेरीस तो आजारी अवस्थेत इन्सब्रुकला आला, तेव्हा जुनी देणी थकलेली असल्यामुळे येथील खाणावळवाल्यांनी त्याच्या लवाजम्याला जागा नाकारली, अशी कथा सांगितली जाते. तो पुढे निघाला आणि जानेवारी 1519 मध्ये वेल्स येथे मरण पावला. त्याचे दफन व्हिएन्नाजवळील व्हिएनर नॉयश्टाट येथे झाले. असे असूनही युरोपातील एका अत्यंत भव्य राजसमाधीसाठी लोक इन्सब्रुकच्या होफकिर्खे या चर्चमध्ये येतात, आणि ती समाधी रिकामी आहे.

हे चर्च त्याचा नातू फर्डिनांड पहिला याने सोळाव्या शतकाच्या मध्यास आजोबांच्या स्मारकासाठी बांधवले. मध्यभागी संगमरवरी चौथरा आहे. त्याच्या बाजूंवर सम्राटाच्या आयुष्यातील लढाया, विवाह आणि तह कोरलेले 24 उठावचित्रांचे फलक असून त्यांतील बहुतेक अलेक्झांडर कोलिन या फ्लेमिश शिल्पकाराचे काम आहे. त्यांतील घोड्यांचे खूर आणि तटबंदीचे दगड इतके बारीक आहेत की ते पाहायला भिंग सोबत असते तर बरे झाले असते, असे वाटत राहते. परंतु मनावर ठसतात ते भोवती उभे असलेले ब्राँझचे 28 पुतळे. माणसापेक्षा मोठे, काळपट, चिलखते आणि जड झगे ल्यालेले हे स्त्री-पुरुष म्हणजे सम्राटाचे पूर्वज आणि नातलग. स्थानिक लोक त्यांना ‘काळे पुरुष’ म्हणतात, त्यांत स्त्रिया आहेत तरी. मूळ योजना 40 पुतळ्यांची होती, ती पैशाअभावी आणि काळाच्या ओघात आटोपती घ्यावी लागली.

या पूर्वजांमध्ये इंग्लंडचा राजा आर्थर उभा आहे, हे पाहून मला हसू आले. दंतकथेतील वीराला आपल्या वंशावळीत बसवण्याची हौस कोणत्याही देशातील राजाला सुटलेली नाही. पण तो पुतळा संग्रहातील सर्वोत्तम आहे: त्याच्या आराखड्याचे श्रेय जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररला दिले जाते आणि तो 1513 मध्ये न्यूरेंबर्गच्या पीटर फिशरच्या कार्यशाळेत ओतला गेला. इतर काही पुतळे कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या भाराखाली अवघडून गेले आहेत. आर्थर मात्र वजन एका पायावर टाकून, श्वास घेत असल्यासारखा उभा आहे. चर्चमधून बाहेर पडताना आंद्रेआस होफरचे थडगे दिसते. 1809 मध्ये बव्हेरियन आणि फ्रेंच सैन्याविरुद्ध उठलेल्या टिरोली शेतकऱ्यांचा हा नेता पुढच्या वर्षी मांतुआ येथे गोळ्या घालून मारला गेला. ज्या सम्राटासाठी चर्च बांधले तो येथे नाही, आणि ज्या खाणावळवाल्या शेतकऱ्याचे राजवंशाशी काही नाते नव्हते तो मात्र येथे पुरला आहे. खाणावळवाल्यांशी बिनसलेल्या माक्सिमिलियानला हा शेजारी कसा वाटला असता, कोण जाणे.

मारिया तेरेझिया रस्त्यावरचा 1706 चा अ‍ॅना स्तंभ आणि होफबुर्ग हा राजवाडा यांच्यासाठी मी फार वेळ दिला नाही. त्याच रस्त्याच्या दक्षिण टोकाच्या विजयकमानीपाशी मात्र थांबावे. राजपुत्र लेओपोल्डच्या 1765 मधील विवाहासाठी ती उभारली गेली, आणि त्याच सोहळ्याच्या दिवसांत त्याचे वडील, सम्राट फ्रान्झ पहिला, इन्सब्रुकमध्येच अचानक वारले. म्हणून कमानीच्या दक्षिण बाजूला लग्नाचा आनंद आणि उत्तर बाजूला मृत्यूचा शोक कोरलेला आहे.

वर जाण्यासाठी शहराच्या मध्यातूनच हुंगरबुर्गबान ही डोंगररेल्वे सुटते. इराकमध्ये जन्मलेल्या वास्तुरचनाकार झाहा हदिद यांनी रचलेली तिची स्थानके 2007 मध्ये खुली झाली. वितळत्या बर्फासारखी वळणारी त्यांची काचेची छते जुन्या पेठेपासून इतक्या जवळ शोभतील असे मला आधी वाटले नव्हते, पण शोभतात. हुंगरबुर्गला उतरून दोरवाहिनी धरली की 1,905 मीटरवरचे झेग्रुबे आणि मग 2,256 मीटरवरचे हाफेलेकार स्थानक येते. पेठेतून निघाल्यापासून अर्ध्या तासाच्या आसपास आपण हिमाच्या आणि खडकाच्या सीमेवर असतो. एका बाजूला विमानतळासह सगळे शहर दिसते, दुसऱ्या बाजूला एकही गाव न दिसणाऱ्या कार्वेंडेलच्या रांगा. विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या किरणांच्या, शोधासाठी 1936 चे नोबेल पारितोषिक मिळालेले व्हिक्टर हेस यांनी 1931 मध्ये येथे संशोधन केंद्र उभारले होते.

दक्षिणेकडे बेर्गइझेल टेकडीवर होफरच्या लढाया झाल्या आणि आता तेथे हदिद यांनीच रचलेला स्की उडीचा मनोरा आहे. 1964 आणि 1976 च्या हिवाळी ऑलिंपिकमधील स्की उडीच्या काही स्पर्धा याच टेकडीवर झाल्या. 1964 मध्ये बर्फच पडला नाही, म्हणून ऑस्ट्रियन सैन्याने तो वरच्या डोंगरांतून आणून उतारांवर पसरला. मनोऱ्यावरून उडी घेणाऱ्याला समोर दिसते ती खालची विल्टेनची दफनभूमी. स्थानिक लोक हे पाहुण्यांना आवर्जून दाखवतात.

फेरीचे नियोजन करताना फ्योन वाऱ्याचा विचार करावा. इटलीच्या बाजूने चढून पाऊस तिकडेच टाकून आलेली हवा ब्रेनरच्या खिंडीतून खाली उतरते तेव्हा दाबाने तापते आणि कोरडी होते, त्यामुळे हिवाळ्यातही शहरात अचानक उबारा येतो, डोंगर हात लावता येईल इतके जवळ दिसतात आणि अनेकांचे डोके दुखू लागते. वाऱ्याचा जोर वाढला की दोरवाहिनी बंद ठेवतात. अशा दिवशी अंब्रासचा किल्ला पाहावा. आर्चड्यूक फर्डिनांड दुसरा याने गुप्तपणे लग्न केलेल्या फिलिपिने वेल्झर या व्यापाऱ्याच्या मुलीसाठी तो सजवला, आणि आपली शस्त्रे, पोवळ्यांच्या कलाकृती, विचित्र चित्रे यांचा संग्रह तेथे मांडला. फिलिपिनेच्या वापरातील खोल स्नानकुंड पाहायला विसरू नये.