ठोकळे टाकले, पण शैवाल कुठे?

काँक्रीटचे ठोकळे समुद्रात सोडले की त्यांवर शैवाल आपोआप माजतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. आमच्या ठोकळ्यांवर सुरुवातीला कोवळं शैवाल धरलं, आणि पुढे सगळं साफ. उरला तो गुलाबी, चुनखडीसारखा कडक थर. तोही एक शैवालच. तो खरवडत सी अर्चिन, म्हणजे शैवाल खाणारे काटेरी, गोल समुद्री जीव, वर्षानुवर्षं अर्धपोटी तग धरतात, त्यामुळे खाणं संपल्यावर ते मरतील याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

दोष पाण्याचा की खाणाऱ्यांचा, हे आधी ठरवायचं होतं. काही ठोकळ्यांवर जाळीचे पिंजरे बसवले, शेजारचे उघडे ठेवले. पिंजऱ्यात सरगॅसम हे तपकिरी शैवाल हातभर वाढलं; बाहेर नुसते खुंट.

मग वेचणी. दिवसा अर्चिन सांध्याफटींत दडून बसतात, आकड्याने एकेक ओढून काढावा लागतो. एक फोडून पाहिला. पोसलेल्या अर्चिनमध्ये बीजग्रंथींच्या पिवळ्याधमक पाच फाका दिसतात, लोक खातात त्या याच; इथे तपकिरी दोऱ्यांसारखं काहीतरी. असा माल कोणी विकत घेत नाही, म्हणून वेचणीचा खर्च त्यातून निघत नाही. ठोकळे टाकायला पैसा मिळतो, वेचणीला मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. खरं काम तर तिथेच आहे.

थोडे काढून भागत नाही. अर्चिनची जेवढी दाटी शैवालाचं रान उजाड करते, तिच्या साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली आल्याशिवाय रान परत उभं राहत नाही. आमच्या ठोकळ्यांभोवती मोकळी वाळू होती, ती ओलांडणं अर्चिनला जड जातं. म्हणून अर्चिन वेचून एकदा साफ केलेल्या ठोकळ्यांच्या गटात बराच काळ बाहेरून अर्चिन आले नाहीत.

वेळ साधणं तितकंच महत्त्वाचं. सरगॅसमची बहुतेक रोपं मूळ झाडापासून काही मीटरांतच रुजतात. म्हणून सरगॅसमच्या रुजण्याच्या हंगामाच्या तोंडावर आधी वेचणी केली आणि लगेच पक्व फांद्या जाळीच्या पिशव्यांत भरून ठोकळ्यांवर बांधल्या. रोपं दाट उगवली.

पाणी तापलं तसे मासे आले. पानांच्या कडेला अर्धचंद्राकृती चावे दिसले की समजायचं, हे अर्चिनचं काम नाही. माशांना वेचणीचा उपाय चालत नाही. तिथे जाळीच हवी. पिंजरे म्हणूनच अजून काढलेले नाहीत. फांद्या वाढून लाटेबरोबर ठोकळ्यावर घासायला लागल्या, की अर्चिनला वर चढणं अवघड होतं. तोवर फटींतून वर येणारी नवी पिल्लं आम्ही दर हंगामात वेचतो आहोत.